‘तूच बंद केलं ना बे?’

*फायनल इयरचं प्रोजेक्ट ऐन वेळी आडवं झालं, की ग्रुपमधल्या कोणाच्या तरी डोक्यावर खापर फुटतं. खरं काय घडलं, याची नोंद मात्र डॉकरकडे असते. फक्त ती वाचता आली पाहिजे.*

समजा, सक्करदऱ्यात एका भाड्याच्या खोलीवर चौघं राहतात. फायनल इयर, कॉम्प्युटर सायन्स, उद्या सकाळी व्हायवा. प्रोजेक्टच्या वेबसाइटचा एक कंटेनर, डेटाबेसचा दुसरा, आणि दोन्ही एकाच लॅपटॉपवर चालू. रात्री दीड वाजता डेटाबेस गप्प होतो.

‘तूच बंद केलं ना बे?’

‘मी हातही नाही लावला ना यार! आपोआप बंद पडून राहिलं.’

तिसरा म्हणतो, ‘उडव सगळं अन् नव्यानं चालू कर.’ कंटेनर डिलीट होतो, नवा चालू होतो, वीस मिनिटांनी तोही बंद. आता चौघांचं एकमेकांशी बोलणंही बंद.

अशी रात्र डॉकर वापरणाऱ्या कुठल्याही ग्रुपवर येऊ शकते. इथं सगळ्यात महागात पडतो तो तिसऱ्याचा सल्ला. कारण कंटेनर डिलीट केला, की डॉकरच्या नेहमीच्या व्यवस्थेत त्याचा लॉगही जातो. म्हणजे पंचनामा व्हायच्या आधीच घटनास्थळ धुऊन टाकल्यासारखं! म्हणून नियम एकच: आधी नोंद वाचायची, मग हात लावायचा.

आधी कंटेनर समजून घेऊ

सक्करदऱ्याहून अजनी काही लांब नाही. तिथं कॉनकॉरनं कंटेनर डेपो उभारला होता. समुद्राचा पत्ता नसलेल्या नागपुरात जहाजावरचे डबे येतात, कारण डबा जहाजावर, रेल्वेवर, ट्रकवर कुठंही तसाच बसतो. ही पद्धत रुजवण्याचं श्रेय अमेरिकेच्या माल्कम मॅकलीन यांना देतात. २६ एप्रिल १९५६ रोजी त्यांचं ‘आयडियल एक्स’ हे जहाज ५८ डबे घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं होतं.

सॉफ्टवेअरवाल्यांनी हीच कल्पना उचलली. प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका डब्यात भरायचं. मग तो डबा तुमच्या लॅपटॉपवर चालतो तसाच मिहानमधल्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवरही चालतो. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी पायकॉन परिषदेत जेमतेम पाच मिनिटांत डॉकर जगाला दाखवलं, आणि पुढच्या काही वर्षांत ‘माझ्या मशीनवर तर चालतं ना’ हे उत्तर इंडस्ट्रीत चालेनासं झालं.

लोखंडी डबा आणि हा डबा यांत एक मोठा फरक आहे. लोखंडी डब्याला वाटेत काय झालं, हे तो स्वतः सांगत नाही. सॉफ्टवेअरचा कंटेनर जन्मला, चालू झाला, थांबवला गेला, मेला, या प्रत्येक घडामोडीची नोंद डॉकर त्या क्षणी करतं. या नोंदींना म्हणतात इव्हेंट्स.

दोन शब्दांची कमांड

टर्मिनल उघडा आणि टाइप करा: डॉकर इव्हेंट्स. (कमांड इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायची, हे वेगळं सांगायला नको.) एंटर मारल्यावर काहीच दिसणार नाही. घाबरू नका, कमांड अडकलेली नाही. ती कान देऊन बसली आहे. आता दुसऱ्या टर्मिनलमध्ये एखादा कंटेनर चालू करा. पहिल्या खिडकीत लगेच ओळी उमटतील: क्रिएट, मग नेटवर्कला जोडल्याची नोंद, मग स्टार्ट. प्रत्येक ओळीत वेळ, काय घडलं, कोणत्या कंटेनरला घडलं, त्याचं नाव आणि इमेज.

घटना घडून गेली असेल तर ‘सिन्स’ हा पर्याय जोडा आणि पुढं ३० मिनिटं लिहा. मागच्या अर्ध्या तासाच्या नोंदी समोर येतील आणि नंतर कमांड पुढच्या घडामोडींसाठी थांबून राहील. फक्त जुनंच बघायचं असेल तर ‘अनटिल’ देऊन शेवटची वेळही सांगा.

फार गर्दी वाटली तर ‘फिल्टर’ आहे. इथं एक खुबी लक्षात ठेवा. एकाच प्रकारचे दोन फिल्टर दिले, तर त्यांचा अर्थ ‘हे किंवा ते’ असा होतो. वेगवेगळ्या प्रकारचे दिले, तर ‘हे आणि ते’. म्हणजे ‘इव्हेंट डाय’ आणि ‘इव्हेंट ओओएम’ दिलं तर दोन्हींपैकी काहीही घडलेलं दिसेल. त्यालाच डेटाबेस कंटेनरचं नाव जोडलं, तर फक्त त्याच कंटेनरच्या नोंदी उरतील.

मरण एकच, गोष्टी तीन

आता मूळ भांडणाकडे येऊ. कंटेनर कसाही बंद पडो, ‘डाय’ ही ओळ येणारच. खरी गोष्ट तिच्या आधीच्या ओळीत आणि तिच्यातल्या एक्झिट कोडमध्ये असते.

पहिली गोष्ट: कोणीतरी थांबवलं. ‘डॉकर स्टॉप’ दिलं, तर आधी ‘किल’ अशी ओळ येते आणि तिच्यात बहुतेक वेळा सिग्नल १५ दिसतो. याचा अर्थ, ‘आटप बाबा, निघायचंय.’ कंटेनरनं शहाण्यासारखं आवरलं, तर एक्झिट कोड साधारणपणे ० किंवा १४३ येतो. ऐकलंच नाही, तर डॉकर एरवी दहा सेकंद वाट बघतं आणि सिग्नल ९ पाठवतं. त्याला नाही म्हणायची सोयच नाही. मग कोड येतो १३७. हे आकडे पाठ करायची गरज नाही: १२८ मध्ये सिग्नलचा आकडा मिळवा. १२८ अधिक १५ म्हणजे १४३, १२८ अधिक ९ म्हणजे १३७.

दुसरी गोष्ट: मेमरी संपली. कंटेनरला २५६ एमबीची मर्यादा घालून दिली आणि त्याला जास्त लागली, तर लिनक्सचा कर्नल स्वतःच प्रोसेस मारतो. अशा वेळी ‘डाय’च्या आधी ‘ओओएम’, म्हणजे ‘आउट ऑफ मेमरी’ अशी ओळ येते. कोड पुन्हा १३७च! म्हणून नुसता आकडा बघून निकाल द्यायचा नाही. आधी ‘किल’ आहे की ‘ओओएम’, हे बघायचं.

तिसरी गोष्ट: प्रोग्राम स्वतःच कोसळला. इथं आधी ‘किल’ही नाही, ‘ओओएम’ही नाही. थेट ‘डाय’ आणि कोड बहुतेक वेळा १. म्हणजे चूक कोडमध्ये किंवा सेटिंगमध्ये आहे. आता ‘डॉकर लॉग्ज’कडे वळा.

म्हणजे सक्करदऱ्याच्या त्या खोलीत ‘ओओएम’ दिसलं असतं, तर भांडण तिथंच मिटलं असतं. कोणीच काही बंद केलं नव्हतं. लॅपटॉप हँग होऊ नये म्हणून घातलेली मर्यादा डेटाबेसला पुरली नाही, एवढंच. ‘डॉकर स्टॅट्स’नं मेमरीचा वापर बघायचा, मर्यादा वाढवायची किंवा जड क्वेरी हलकी करायची, आणि झोपायचं.

आणखी एक गंमत. आपोआप पुन्हा चालू होण्याची सेटिंग असेल, तर ‘डाय, स्टार्ट, डाय, स्टार्ट’ अशी रांग दिसते. ‘रिस्टार्ट’ ही ओळ मात्र कोणी खरोखर तशी कमांड दिली तरच येते. वरून सगळं ठीक दिसणारी वेबसाइट आतून दर मिनिटाला मरून उठते आहे, हे या रांगेवरूनच कळतं.

ही वही मोठी नाही

इव्हेंट्सवर डोळे झाकून विसंबू नका. डॉकर मागच्या फक्त २५६ नोंदी लक्षात ठेवतं, त्याही मेमरीत. डॉकरची सेवाच पुन्हा चालू केली, तर वही कोरी. शिवाय कंटेनरला हेल्थ चेक लावला असेल, तर दर तपासणीमागं साधारण तीन ओळी पडतात. ठरलेल्या ३० सेकंदांच्या अंतरानं तपासणी चालली, तर एकच कंटेनर पाऊण तासाच्या आत वही भरून टाकतो. रात्री दीडची घटना सकाळी शोधायला गेलात, तर हाती काही लागणार नाही. त्यावर उपाय म्हणजे कमांड आधीच चालू ठेवायची आणि तिच्या ओळी एका फाइलमध्ये वळवायच्या.

दुसरी मर्यादा म्हणजे इव्हेंट्समध्ये ‘काय घडलं’ दिसतं, ‘कोणी केलं’ हे नाव दिसत नाही. आणि चालू कंटेनरच्या आत कोणी कमांड दिली, तर ती कमांड अख्खी नोंदवली जाते. तिच्यात पासवर्ड टाइप केला असेल तर तोही. तेव्हा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकण्याआधी एकदा नीट वाचा.

पुण्यात तयार झालेला पहारेकरी

कंपन्यांमध्ये शेकड्यांनी कंटेनर असतात. त्यांची व्यवस्था बघायला कुबरनेटीस असतं. तिथंही इव्हेंट्स आहेत, पण एरवी तासाभरातच पुसले जाणारे. शिवाय रात्रभर टर्मिनलकडे बघत बसणार कोण? या अडचणीवर पुण्याच्या इन्फ्राक्लाउड कंपनीत ‘बॉटक्यूब’ तयार झालं. कुबरनेटीसमध्ये काही बिनसलं, की हा बॉट टीमच्या चॅटमध्ये निरोप टाकतो आणि तिथूनच तपासणीच्या कमांडही देता येतात. हे काम ओपन सोर्स आहे. पुढं क्यूबशॉप या कंपनीनं ते चालवायला घेतलं. त्याच्या मुळाशी जी गोष्ट आहे, ती तुमच्या लॅपटॉपवरही आहे: घडामोडींचा प्रवाह ऐकायचा आणि त्यातलं कामाचं तेवढं वेचायचं.

मुलाखतीत ‘डॉकर येतं का?’ या प्रश्नाला बरेच जण ‘हो’ म्हणतात. ‘कंटेनर १३७नं मेला, पुढं काय कराल?’ असं विचारलं की खरी परीक्षा सुरू होते. ‘रिस्टार्ट करीन’ हे उत्तर कोणीही देईल. ‘आधी त्याच्या वरची ओळ बघीन’ हे उत्तर ज्यानं एकदा बघितली आहे, तोच देईल.

आज रात्रीच करून बघा

• एका टर्मिनलमध्ये डॉकर इव्हेंट्स चालू ठेवा.
• दुसऱ्यात एनजिनएक्सचा कंटेनर चालू करा, ‘डॉकर स्टॉप’ द्या आणि ओळींचा क्रम वहीत लिहा.
• तोच कंटेनर पुन्हा चालू करून आता ‘डॉकर किल’ द्या. सिग्नल आणि एक्झिट कोड कसे बदलले, ते ताडून बघा.
• एका कंटेनरला मुद्दाम कमी मेमरी द्या आणि आत जड प्रोग्राम चालवा. ‘ओओएम’ची ओळ पहिल्यांदा सरावातच दिसलेली बरी, व्हायवाच्या आदल्या रात्री नको.