झेंड्याची दोरी कुणाच्या हाती?

पंधरा ऑगस्टची निम्मी तयारी बायकांच्याच अंगावर असते. आदल्या रात्री मुलांचे गणवेश इस्त्री करून ठेवायचे, पहाटे पटांगणात सडा-रांगोळी करायची, झेंड्यात बांधायला गुलाबाच्या पाकळ्या आणि पाहुण्यांसाठी नारळ आणायचा. मग पाहुणे येतात, दोरी ओढतात, 'जन गण मन' होतं आणि आपण जिलेबी वाटायला लागतो. मैत्रिणींनो, ती दोरी आपल्या हातात कितीदा आली?

खरं तर या झेंड्याशी आपलं नातं फार जुनं आहे. १९०७ साली जर्मनीत स्टुटगार्टच्या समाजवादी परिषदेत मादाम कामांनी हिंदुस्थानचा झेंडा फडकवला. तो आजच्यासारखा नव्हता, पण हात बाईचाच होता. पुढे १४ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री घटना समितीत हंसा मेहतांनी देशातल्या स्त्रियांच्या वतीनं तिरंगा अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसादांच्या हाती दिला. सभागृहावर चढणारा पहिला झेंडा ही बायकांची भेट असावी, हा त्यामागचा विचार. आपल्या शाळेच्या पुस्तकात हे कितीजणींनी वाचलंय?

आणि झेंडा शिवतं कोण? कर्नाटकात हुबळीच्या बेंगेरी भागात खादीचे प्रमाणित तिरंगे तयार होतात. तिथं काम करणाऱ्यांत बहुतेक बायकाच आहेत. लांबी-रुंदीचं प्रमाण तीनास दोन, चक्राचे आरे चोवीस; माप किंवा रंग जरा चुकला की झेंडा बाद! आपल्या नांदेडलाही खादीचे झेंडे होतात. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली आणि यंत्रावरचे, पॉलिस्टरचे झेंडेही चालू लागले. २०२२ मध्ये 'हर घर तिरंगा'मुळे घरोघरी झेंडा पोचला, याचा आनंदच आहे. पण स्वस्त पॉलिस्टरपुढे खादीच्या झेंड्याची मागणी घटते, म्हणजे कुणा बाईचा रोजच कमी होतो, हेही ध्यानात ठेवायला हवं.

आमच्या कॉलनीच्या बैठकीत मी एकदा विचारलं, "यंदा झेंडावंदन एखाद्या बाईच्या हस्ते करूया का?" उत्तर आलं, "वहिनी, तुम्ही रांगोळीचं बघा." दुसऱ्या वर्षी मात्र आम्ही आठजणी मिळून गेलो आणि नावही ठरवूनच गेलो. आमचा रस्ता झाडणाऱ्या मावशींचं! पुरुषमंडळी जरा कुरकुरली, पण मग हो म्हणाली. मावशी नवं लुगडं नेसून अर्धा तास आधी हजर. दोरी ओढताना हात थरथरत होते. नंतर म्हणाल्या, "बाई, एवढी वर्षं झेंड्याखालची जागा झाडली, वर कधी बघितलंच न्हाई."

तेव्हा सख्यांनो, झेंडा घ्याल तो शक्यतो खादीचा घ्या. आणि यंदाच्या बैठकीत एक नाव सुचवा. आशाताई असेल, अंगणवाडीच्या बाई असतील, नाहीतर शाळेत खिचडी शिजवणाऱ्या काकू. एकटीनं सांगितलं तर हसण्यावारी नेतील. म्हणून चार-पाचजणी मिळूनच जा!