पाण्यातच होडी गळू लागली तर

विषय वाचून काहींना हसू आलं असेल. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा आपला नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर, आणि इथे होडीच्या गळतीवर व्याख्यान! पण नकाशा उघडून बघा. अकोले तालुक्यात 1926 साली पूर्ण झालेलं भंडारदरा धरण आहे, राहुरीजवळ 26 टीएमसीचं मुळा धरण आहे, आणि पैठणच्या जायकवाडीचा नाथसागर शेवगाव-नेवासे तालुक्यांत शिरलेला आहे. या पाण्यावर माणसं रोज जाळी टाकतात.

धरणाच्या पाण्याची एक खोड असते. त्याच्या पोटात शेतं बुडालेली असतात. बाभळीचे बुंधे, विहिरींचे कठडे, दगडी बांध. दिवाळीला हे सगळं खोल असतं. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की तेच हात-दीड हातावर येतं, आणि गढूळ पाण्यात दिसत नाही. होडीला भोक पडायचा हंगाम तो.

आता हिशोब करू. पाण्याखाली 30 सेंटिमीटरवर एक इंचाचं गोल भोक पडलं, तर मिनिटाला साधारण 40 ते 45 लिटर पाणी आत येतं. म्हणजे पंधरा लिटरच्या तीन बादल्या. एक धडधाकट माणूस एवढं उपसू शकतो, पण दुसरं काही करू शकत नाही. तेच भोक दोन इंचांचं असेल तर? दुप्पट नाही, चौपट! बारा बादल्या. तिथे हात टेकले. पण हाच हिशोब उलटाही चालतो. भोकाचा व्यास निम्मा केलात की पाणी चौथाईवर येतं. म्हणून गळती पूर्ण बंद करायच्या मागे लागू नका. उपसण्याच्या आवाक्यात आणली की होडी काठाला लागते.

आणि पाण्याचा जोर आपल्याला वाटतो तेवढा नसतो. त्या खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला तो फक्त 30 ग्रॅम भरतो. कारंजं उडताना बघून माणूस घाबरतो, पण इंचभर भोकावर टाच दाबून धरली तरी ते बऱ्यापैकी थांबतं. तेव्हा आधी सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालायचं, होडीचं तोंड जवळच्या काठाकडे वळवायचं, एकाने टाच ठेवायची, दुसऱ्याने बोळा तयार करायचा. गोणपाट, जुनी लुंगी, जाळ्याचा तुकडा, काहीही चालतं. निमुळती लाकडी खुंटी असेल तर उत्तम; तिच्याभोवती चिंधी गुंडाळून हाताने दाबत फिरवायची. लाकूड भिजून फुगतं आणि स्वतःच घट्ट बसतं. हातोडा मात्र जपून. कुजक्या फळीवर दोन घाव जास्त पडले तर भोकाची खिंड होते.

लांब चीर असेल तर खुंटीचा उपयोग नाही. तिथे ताडपत्री बाहेरून, होडीच्या पोटाखालून घ्यायची आणि दोन्ही काठांना दोरीने ताणून बांधायची. बाहेरूनच का? आतून लावलेलं ठिगळ पाणी उचकटतं, बाहेरून लावलेलं पाणीच दाबून धरतं. ही युक्ती जुनी आहे. 1770 साली कॅप्टन कुकचं ‘एन्डेव्हर’ जहाज ऑस्ट्रेलियाच्या प्रवाळांवर चढलं, तेव्हा लोकर आणि दोरांचा भुगा लावलेलं शीड असंच पोटाखालून ओढलं होतं. पुढे दुरुस्तीला काढल्यावर दिसलं की प्रवाळाचा एक मोठा तुकडाच भोकात अडकून राहिला होता, आणि त्यानेही जहाज वाचवलं होतं. म्हणून होडीत घुसलेली फांदी उपटू नका. ती बूच आहे.

भोक पाण्याबाहेर यावं म्हणून सामान दुसऱ्या बाजूला सरकवतात, तेही ठीक. पण आधी पाणी उपसा. तळाशी साचलेलं पाणी होडी कलली की त्याच बाजूला धावतं, आणि त्यात माणसंही एकदम तिकडे गेली की होडी उलटते.

फळ्यांच्या होडीचं थोडं वेगळं. उन्हात महिनाभर काठावर पडली की फटी उघडतात, आणि पाण्यात घातल्यावर सगळीकडून पाझरते. घाबरायचं कारण नाही. काठाजवळच दोन-तीन दिवस भिजत ठेवा, फळ्या फुगून मिटतात. तरी राहिलेल्या फटीत कापसाची वात ठोकायची. काही जण होडीखाली पाण्यात लाकडाचा बारीक भुसा सोडतात. आत शिरणारं पाणीच तो फटीत ओढून नेतं.

एक चिठ्ठी आली आहे: ‘फायबरच्या होडीला पाण्यातच रेझिन लावलं तर?’ नाही बसणार. ओल्या पृष्ठभागावर ते धरतच नाही. पाण्यात घट्ट होणारी इपॉक्सी लांबी मिळते, ती होडीत ठेवा, मुदत बघून. पण तीही काठ गाठण्यापुरतीच. काठावर आल्यावर ती खरवडायची, जागा कोरडी ठणठणीत करायची, घासायची, आणि मग काचतंतूचं कापड आणि रेझिन. आणि बाकाखाली हवाबंद रिकामे डबे पक्के बांधा. बुडालेला वीस लिटरचा डबा जवळपास वीस किलो वजन उचलून धरतो. फायबरची आणि पत्र्याची होडी पाण्याने भरली की तळ गाठते. पुरेसे डबे असतील तर ती काठोकाठ भरूनही तरंगत राहते, आणि धरून ठेवायला काहीतरी उरतं.