जुनं ग्राफिक्स कार्ड आणि 'लेटेस्ट'चा हट्ट

दहा-बारा वर्षांच्या कॉम्प्युटरवर विंडोज नव्याने टाकली की पुढची तक्रार ठरलेली. अक्षरं जाडजूड दिसतात, रिझोल्यूशन बदलत नाही, यूट्यूब अडखळतं. मग घरातले, ऑफिसातले, व्हॉट्सअ‍ॅपवरचे तज्ज्ञ एकमुखाने सांगतात, 'लेटेस्ट ड्रायव्हर टाक, होईल ठीक.' नव्या कार्डाच्या बाबतीत हा सल्ला बरा आहे. जुन्या कार्डाच्या बाबतीत मात्र बहुतेक गोंधळाची सुरुवात इथूनच होते.

आधी एक दिलासा. ड्रायव्हर नसताना स्क्रीनवर जाडंभरडं का होईना, चित्र दिसतं, ते 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर' या कामचलाऊ ड्रायव्हरमुळे. तो कार्डाकडून फक्त चित्र दाखवून घेतो. व्हिडिओ उलगडण्याचं, खिडक्या सरकवण्याचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडतं. म्हणजे कॉम्प्युटर मंद चालला याचा अर्थ कार्ड गेलं असा होत नाही. कार्डाला अजून कोणी कामाला लावलेलं नाही, एवढंच.

आता 'लेटेस्ट'कडे वळू. ग्राफिक्स कार्डाच्या कंपन्या प्रत्येक पिढीला काही वर्षं नवे ड्रायव्हर देतात आणि मग त्या पिढीला यादीतून वगळतात. त्यानंतर येणाऱ्या ड्रायव्हरमध्ये त्या चिपसाठी काहीच नसतं. एनव्हिडियाच्या जीफोर्स ८, ९ आणि २०० मालिकांचा प्रवास ३४२.०१ या आवृत्तीवर संपला, ती आली २०१६च्या डिसेंबरमध्ये. फर्मी पिढी, म्हणजे ४०० आणि ५०० मालिका, मार्च २०१८च्या ३९१.३५वर थांबली. त्यानंतरची केप्लर पिढी, म्हणजे ६०० आणि ७०० मालिकेतली बरीचशी कार्डं, २०२१च्या ऑक्टोबरमध्ये नेहमीच्या यादीतून बाहेर पडली. तिला ४७० मालिकेतून सप्टेंबर २०२४पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहिल्या. एएमडीकडेही हेच. रेडिऑन एचडी ५००० आणि ६००० मालिकांना २०१५च्या नोव्हेंबरमध्ये निरोप मिळाला. त्यांच्यासाठी १५.७.१ ही शेवटची पक्की आवृत्ती, आणि १६.२.१ ही शेवटची बीटा. एचडी ७०००पासून आर९ ३००पर्यंतची कार्डं जून २०२१मध्ये वगळली गेली. इतकंच काय, जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकासुद्धा ऑक्टोबर २०२५मध्ये या रांगेत आल्या. त्यांना आता ऑक्टोबर २०२८पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील.

अशा जुन्या कार्डावर आजचा इन्स्टॉलर चालवला की तो म्हणतो, सुसंगत हार्डवेअर सापडलं नाही. हे वाचून कार्ड भंगारात काढणारी माणसं आहेत. इन्स्टॉलरचं म्हणणं इतकंच असतं की माझ्या यादीत तुम्ही नाही. जुन्या कार्डासाठी त्याच्या नावावर निघालेला शेवटचा ड्रायव्हर शोधायचा असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर 'नवीन' बटण न दाबता मालिका, मॉडेल आणि विंडोज निवडून शोध घेतला की बहुतेक वेळा तोच समोर येतो. तिथे ३२ बिट की ६४ बिट हेही नीट पाहायला हवं. दोन जीबी रॅमच्या मशीनवर दुकानदार सर्रास ३२ बिट विंडोज टाकून द्यायचे, आणि एनव्हिडियाने ३९० मालिकेनंतर ३२ बिट विंडोजसाठी ड्रायव्हर काढणंच बंद केलं. त्यामुळे कार्ड केप्लरचं असलं तरी विंडोज ३२ बिट असेल तर गाडी ३९१.३५वरच अडते.

'खोक्यावर नाव आहे की!'

इथे थोडं थांबायला हवं, कारण खरी मेख नावात आहे. जीटी ७३० घ्या. लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुकानापर्यंत स्वस्त कार्ड मागितलं की वर्षानुवर्षं हेच पुढे केलं गेलं. २०१४च्या जूनमध्ये एनव्हिडियाने या एकाच नावाखाली वेगवेगळी कार्डं बाजारात आणली. एकात फर्मी पिढीची जुनी चिप, ९६ कोअर आणि १२८ बिट मेमरी. बाकीच्यांत केप्लर पिढीची चिप, ३८४ कोअर आणि ६४ बिट मेमरी. खोक्यावर ठळक अक्षरांत सगळीकडे जीटी ७३०. फर्मीवालं ३९१.३५वर थांबतं, केप्लरवालं ४७० मालिकेपर्यंत जातं. शेजाऱ्याच्या जीटी ७३०वर चाललेला ड्रायव्हर आपल्या जीटी ७३०वर चालत नाही, तेव्हा दोष ना शेजाऱ्याचा ना आपला. पेटीवर देवगड छापलं म्हणून आतला आंबा देवगडचा असतोच असं नाही.

आत काय आहे ते विंडोजलाच विचारता येतं, आणि त्यासाठी कॅबिनेट उघडावी लागत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा, डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्सखालच्या नावावर उजवं क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि खालच्या यादीतून हार्डवेअर आयडीज निवडा. अक्षरांची एक लांबलचक ओळ दिसेल. त्यात 'व्हीईएन'पुढे कंपनीची खूण असते: १०डीई म्हणजे एनव्हिडिया, १००२ म्हणजे एएमडी किंवा तिने विकत घेतलेली एटीआय, ८०८६ म्हणजे इंटेल. (हा आकडा इंटेलने आपल्या गाजलेल्या प्रोसेसरवरून उचलला आहे.) 'डीईव्ही'पुढची चार अक्षरं चिपची. जीटी ७३०मध्ये तिथे ०एफ०२ असेल तर कार्ड फर्मी, १२८७ असेल तर केप्लर. ड्रायव्हर अजिबात नसला, यादीत नुसतं 'बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर' असलं, तरी ही ओळ दिसतेच. ती ओळ आधी कागदावर उतरवून घ्या आणि मगच डाउनलोडला हात घाला.

ऑनलाइन घेतलेल्या स्वस्त कार्डात आणखी एक फसवणूक निघते. जीटीएक्स ५५० टीआयसारख्या जुन्या कार्डाचं बायोस बदलून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवलं जातं. डिव्हाइस मॅनेजरही फसतो, ड्रायव्हर बसता बसत नाही, आणि माणूस आठवडाभर ड्रायव्हरशी झुंजतो. जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर असं कार्ड ओळखून नावाआधी 'फेक' असा शेरा मारतं. इथे दुरुस्ती नाही. पैसे परत मागायचे.

'ड्रायव्हर शोधून देणारं सॉफ्टवेअर टाकलं की काम झालं'

अजिबात नाही. ही सॉफ्टवेअरं मशीनमध्ये पाचपन्नास ड्रायव्हर 'कालबाह्य' असल्याचं लाल अक्षरांत सांगतात आणि मग पैसे मागतात. जुन्या मशीनवर नीट चाललेले चिपसेट, साउंड आणि वायफायचे ड्रायव्हर बदलून ती नवीन दुखणी लावून जातात. कार्डाच्या, चिपच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीचं संकेतस्थळ आणि विंडोज अपडेट, एवढे स्रोत पुरेत.

लॅपटॉपवाल्यांनी तर आधी लॅपटॉपच्या कंपनीचाच ड्रायव्हर वापरावा. इंटेल आणि दुसरं कार्ड आलटून पालटून वापरणाऱ्या जुन्या लॅपटॉपमध्ये चिपच्या कंपनीचा सरधोपट ड्रायव्हर बऱ्याचदा ही अदलाबदलच बिघडवतो.

'जुना काढायची गरज नाही, वरूनच टाका'

एकाच कंपनीची पुढची आवृत्ती असेल तर वरून टाकलेली चालते, उगाच सोवळं पाळायची गरज नाही. पण रेडिऑन काढून जीफोर्स बसवलं असेल, किंवा इन्स्टॉलर अर्ध्यात येऊन कोसळत असेल, तर आधीचे अवशेष साफ करावे लागतात. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, लोकांच्या तोंडी डीडीयू, हे साधन आहे. ते सेफ मोडमध्ये चालवायचं. त्याआधी नवा ड्रायव्हर उतरवून डेस्कटॉपवर ठेवायचा आणि इंटरनेटची केबल काढायची, वायफाय बंद करायचं. हे शेवटचं कोणी सांगत नाही. नेट चालू राहिलं तर आपण साफसफाई करून मशीन सुरू करतो तोवर विंडोज अपडेट मागच्या दाराने स्वतःला वाटेल तो ड्रायव्हर बसवून मोकळं होतं, आणि आपला इन्स्टॉलर पुन्हा अडतो.

विंडोज ७वाल्यांची अडचण वेगळी. कंपन्यांचे नंतरचे ड्रायव्हर एसएचए-२ पद्धतीच्या डिजिटल सहीने येतात, आणि डीव्हीडीवरून कोरी टाकलेली विंडोज ७ ती सही ओळखत नाही. मग कोड ५२ येतो. सर्व्हिस पॅक १ आणि त्यावर केबी४४७४४१९ हे अपडेट टाकलं की सही ओळखली जाते. ड्रायव्हरची फाइल खराब आहे म्हणून ती पुन्हा पुन्हा उतरवण्यात अर्थ नाही.

'पिवळं चिन्ह दिसलं, म्हणजे ड्रायव्हर बिघडला'

चिन्हापेक्षा त्यामागचा आकडा वाचा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. हा सर्वात सोपा. कोड ४३ म्हणजे कार्डाने काहीतरी अडचण कळवली आणि विंडोजने ते थांबवलं. अडचण ड्रायव्हरची असू शकते, तशीच मेलेल्या चिपचीही. तीच गोष्ट 'डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो सावरला' या संदेशाची. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही तर विंडोज ड्रायव्हर नव्याने सुरू करते आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद टाकते. संदेशात ड्रायव्हरचं नाव येतं म्हणून सगळे ड्रायव्हर बदलत बसतात. जुन्या मशीनवर मात्र पंख्यात साचलेली धूळ, वाळून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट आणि थकलेला एसएमपीएस यांच्यावर माझा पहिला संशय असतो.

हार्डवेअर की ड्रायव्हर, हे ठरवायच्या दोन चाचण्यांना काही लागत नाही. मशीन चालू करताच येणाऱ्या कंपनीच्या लोगोवर किंवा बायोसच्या पानावरच रंगीत रेघा, चौकटी दिसत असतील तर ड्रायव्हरला दोष देऊ नका. त्या क्षणी विंडोजचा ड्रायव्हर मेमरीत आलेलाच नसतो. दोष कार्डाचा, केबलचा किंवा मॉनिटरचा. दुसरी चाचणी विंडोजमधली. रेघा दिसत असताना स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून बघा. स्क्रीनशॉटमध्येही रेघा असतील तर बिघाड कॉम्प्युटरच्या आत आहे. स्क्रीनशॉट स्वच्छ असेल तर आधी केबल आणि मॉनिटर बदलून पाहा.

या सगळ्याच्या आधी कॅबिनेटच्या मागे एकदा डोकवा. मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये खोचलेली असणं हा विनोद वाटतो, पण दुरुस्तीवाल्यांना विचारा. आणि घड्याळ पाहा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की तारीख अनेक वर्षं मागे जाते, संकेतस्थळांची सुरक्षा प्रमाणपत्रं चुकीची ठरतात आणि ड्रायव्हरचं पानच उघडत नाही.

'डायरेक्टएक्स १२ टाकलं की नवीन गेम चालतील'

डायरेक्टएक्सची आवृत्ती विंडोजची, क्षमता चिपची. विंडोजमधलं डीएक्सडायग हे साधन चालवून पहिल्या पानावर १२ दिसलं तरी डिस्प्लेच्या पानावरचे 'फीचर लेव्हल्स' वाचा, खरं उत्तर तिथे आहे. केप्लरची लेव्हल ११.० आहे, आणि कुठल्याही ड्रायव्हरने ती १२ होणार नाही. दुसऱ्या पिढीच्या कोअर आय३, आय५मधलं इंटेल एचडी ३००० घ्या. विंडोजवर त्याची ओपनजीएलची मजल ३.१पर्यंत, तर ब्लेंडर २.८ला किमान ३.३ हवं. शिवाय इंटेलने विंडोज १०साठी त्याचा ड्रायव्हर अधिकृतपणे काढलाच नाही, विंडोज अपडेटमधून जुनाच येतो. तो डेस्कटॉप आणि व्हिडिओला पुरतो. त्याच्याकडून याहून जास्त मागू नये.

'लिनक्स टाका, सगळे प्रश्न सुटतात' हे निम्मं खरं आहे. जुन्या रेडिऑनला तिथे खरोखर सुखाचे दिवस आहेत. मुक्त ड्रायव्हर कर्नेल आणि मेसामध्येच येतो, वेगळं काही शोधावं लागत नाही. एनव्हिडियाचं तसं नाही. तिच्या जुन्या ३४० मालिकेचा लिनक्स ड्रायव्हर २०१९अखेर, तर ३९०चा २०२२अखेर थांबला. नव्या कर्नेलवर ते बसवणं म्हणजे डोकेदुखी. नूवो हा मुक्त ड्रायव्हर रोजच्या कामाला पुरतो, खेळांना नाही.

जुन्या ड्रायव्हरमधली सुरक्षेची भोकं आता कोणी बुजवणार नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. विंडोज ७चा आधार जानेवारी २०२०मध्ये संपला, विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ला. अशा मशीनवर मुलांचा अभ्यास, टायपिंग, जुने गेम खुशाल चालू द्या. बँकेचे व्यवहार मात्र करू नका.

एक काम आजच उरकून टाका. जुने ड्रायव्हर कायम जागेवर राहतातच असं नाही. इंटेलने २०१९मध्ये आपल्या जुन्या मदरबोर्डांची बायोस आणि ड्रायव्हर संकेतस्थळावरून काढून टाकायला सुरुवात केली होती. आपल्या कार्डाचा शेवटचा ड्रायव्हर मिळतोय तोवर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, आणि फाइलच्या नावात कार्डाची चार अक्षरी खूण, विंडोजची आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट हे लिहायला विसरू नका.