पाण्याने थंड होणारा छोटा संगणक : जोडणी आणि पारख

शाळेतील पाठांच्या चित्रफिती संपादित करण्यासाठी एक लहान पण वेगवान संगणक जोडून द्यावा, असे आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी ठरविले. पहिला प्रश्न उभा राहिला तो कुरखेड्याच्या उन्हाळ्याचा. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकत असताना पाण्याने थंड होणारा संगणक उपयोगी पडेल काय? ते तपासताना जे उमगले, ते येथे मांडीत आहोत.

रचना सोपी आहे. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसतो. पंप त्यातून पाणी फिरवितो आणि तापलेले पाणी रेडिएटरमध्ये जाऊन पंख्याच्या वाऱ्याने निवते. ट्रॅक्टरचे इंजिन याच रीतीने थंड राहते. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ हा महासंगणकही द्रवानेच थंड केला जातो.

छोट्या पेटीत मात्र मिलिमीटरचा हिशेब सांभाळावा लागतो. मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड १७० मिलिमीटर लांब व तेवढाच रुंद असतो. रेडिएटर सुमारे २७ आणि पंखा २५ मिलिमीटर जाडीचा. म्हणजे ५२ मिलिमीटर जागा मोकळी हवी. ती नसल्यास नळ्या मुडपतात, झाकण बसत नाही. पंप सर्वांत उंच जागी ठेवू नये, कारण हवेचे बुडबुडे वर जमतात.

पारख करताना एक गैरसमज टाळावा. आपल्या घरातील कूलर बाष्पीभवनाने हवा थंड करतो. संगणकातील पाणी बंद नळीत फिरते. ते खोलीच्या हवेहून थंड होऊ शकत नाही. म्हणून संगणकाला अर्धा तास जड काम देऊन प्रोसेसरचे तापमान पाहावे व त्यातून खोलीचे तापमान वजा करावे. उरलेला आकडा जितका लहान, तितकी जोडणी चांगली. हिवाळ्यातील नुसता आकडा पाहून निर्णय घेऊ नये. शिवाय मेमरी आणि वीजपुरवठ्याच्या भागाला वाराच लागतो, हेही विसरू नये.

अखेर शाळेसाठी आम्ही थोडी मोठी पेटी आणि साधा पंखाच निवडला. पंखा बंद पडला तर मुले स्वतः नवा बसवू शकतील; बंद जोडणीतील पंप बिघडला तर बहुधा संपूर्ण संचच बदलावा लागतो. जे यंत्र आपल्या मुलांना उघडता येते, समजते आणि दुरुस्त करता येते, तेच आपल्या शाळेसाठी उत्तम, असे आम्हांस वाटते.