मधमाशीची ड्युटी कोण करणार?

समजा, तुमच्या डोंबिवलीच्या घरात ग्रिलवर काकडीचा वेल चढलाय. पिवळीधमक फुलं आलीत. पण काकडी? एकही नाही! फुलं उमलतात आणि गळून पडतात. वेल आजारी आहे का?

मुळीच नाही! काकडीच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं येतात. बहुधा नर फुलं आधी येतात आणि त्यांना काकडी कधीच लागत नाही. मादी फूल ओळखायचं तर पाकळ्यांच्या मागे बघा. तिथे लवदार, चिमुकली काकडी दिसेल. नर फुलामागे नुसता बारीक देठ असतो.

बहुतेक वाणांत नर फुलातले पराग मादी फुलावर पोचले, तरच ही चिमुकली काकडी वाढते. नाहीतर पिवळी पडून गळते. शेतात हे काम सातेरी आणि फुलोरी मधमाश्या करतात. उंच इमारतीत त्या येतीलच असं नाही. मग ड्युटी तुमची! सकाळी ताजं नर फूल खुडा, पाकळ्या काढा आणि त्याचा मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. जमलं असेल, तर थोड्याच दिवसांत काकडी फुगू लागेल.

आता बियांचं बघू. कोशिंबिरीच्या कोवळ्या काकडीतलं बी उगवत नाही, ते जूनच हवं. आजी धोंडस, म्हणजे काकडीचा गोड केक, करायला पिकलेलं गावठी तवसं (मोठी काकडी) किसते ना? त्यातल्या बिया मागून घ्या. गरासकट थोड्या पाण्यात दोन दिवस ठेवा. बियांवरचं बुळबुळीत आवरण सुटतं. भरलेल्या बिया तळाशी बसतात, पोकळ तरंगतात. चांगल्या बिया धुऊन सावलीत खडखडीत वाळवा.

गावठीच का? संकरित काकडीचं बी पेरलं, तर पुढची काकडी तशीच निघेल याची खात्री नसते. गावठी वाण मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपले गुण राखतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच देशी बियाण्यांची बँक उभारली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

पण एक गंमत आहे. शेजारच्या बाल्कनीतल्या वेगळ्या काकडीचे पराग मधमाशीने तुमच्या फुलावर आणले, तर? तुमची काकडी दिसायला, चवीला तशीच राहील. मिसळ झालेली असेल ती आतल्या बियांमध्ये, आणि ते कळेल पुढच्या वर्षीच्या वेलावर!

म्हणून बियाण्यासाठी फुलं उमलण्याच्या आदल्या संध्याकाळी एक नर आणि एक मादी कळी दोऱ्याने अलगद बांधा. सकाळी उघडून पराग लावा आणि मादी फूल पुन्हा बांधून टाका. त्या देठाला लाल लोकरीची खूण करा. मग ती काकडी पिवळी, जून होईपर्यंत वेलावरच राहू द्यायची. आईने कोशिंबिरीसाठी हात पुढे केला, तर ठणकावून सांगायचं, “ही बियाण्याची!”