चार्नोकाइट : एका खडकाचे रूपांतर

मराठी समीक्षेत 'रूपांतर' ही संज्ञा परभाषेतील कृतीला, विशेषतः नाटकाला, देशी रूप देण्याच्या प्रक्रियेसाठी रूढ आहे. भूशास्त्राच्या परिभाषेत 'रूपांतरित खडक' असा तिचा प्रयोग होतो. तेथे तिचा अर्थ अधिक काटेकोर आहे. खडक मुख्यतः घन अवस्थेत राहतो आणि उष्णता व दाब यांमुळे त्यातील खनिजे बदलतात. चेन्नईजवळील सेंट थॉमस माउंट व पल्लावरम येथील निळसर-करडा, तेलकट चमकेचा चार्नोकाइट या संदर्भात विशेष उद्‌बोधक आहे.

त्याचे नाव मात्र कोलकात्यातील एका थडग्यावरून आले. सेंट जॉन्स चर्चच्या आवारातील जॉब चार्नॉकच्या लॅटिन लेखयुक्त शिळेची तपासणी थॉमस हॉलंड यांनी केली आणि १८९३ मध्ये हे नाव दिले. इतरांनी जेथे लेख वाचला, तेथे हॉलंड यांनी लेखाखालचा दगड वाचला. पुढे २००३ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने चार्नॉकचे शहरसंस्थापकपद अमान्य केले. खडकाचे नाव तेवढे टिकले.

हॉलंड यांच्या मते हा खडक शिलारसापासून थेट घडलेला, म्हणजे 'मूळ' होता. नंतरच्या अभ्यासाने हे वाचन बदलले. सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वी, आज झिजून गेलेल्या पर्वतांच्या मुळाशी, ७०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमानात अभ्रक व हॉर्नब्लेंड या खनिजांतील पाणी निघून गेले आणि त्यांच्या जागी निर्जल हायपरस्थीन आले. कर्नाटकातील कब्बलदुर्ग येथे ही क्रिया अर्धवट थांबलेली दिसते. चार्ल्स पिचमुथू यांनी १९६० मध्ये तिचे वर्णन केले. तेथे पट्टेदार नाइस खडकात गडद चार्नोकाइटचे डाग आहेत. नाइसचे पट्टे त्यांत शिरताच पुसट होत जातात. संहिता आणि तिचे रूपांतर एकाच पृष्ठावर, असे साहित्यात क्वचितच सापडते.

तथापि हॉलंड यांचे मत सर्वस्वी त्याज्य ठरत नाही. काही चार्नोकाइट शिलारसातूनच स्फटिकीभूत झाले आणि नंतर पुन्हा तापले. त्यामुळे संज्ञेच्या व्याप्तीविषयी मतभेद आहेत. उलगडा बहुधा झिरकॉनच्या सूक्ष्म कणांतून होतो. त्यांचा गाभा जुन्या खडकाचा काळ राखतो, तर भोवतीची कडा रूपांतराचा काळ सांगते.