दहा बाय बाराच्या खोलीत सबवूफर

खानदेशातल्या सावदा इथल्या घराची दहा बाय बारा फुटांची खोली घ्या. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. त्या हिशेबाने दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींत साधारण ५६ हर्ट्झचा, तर बारा फुटांच्या अंतरात ४७ हर्ट्झचा स्वर अडकून घुमतो. म्हणूनच अहिराणी गाण्यातला ढोल एका खुर्चीवर छातीत धडकतो आणि दोन पावलांवर विरून जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की आवाजाचा वेगही वाढतो आणि हे स्वर दोन-तीन हर्ट्झ वर सरकतात!

सबवूफरसाठी योग्य जागा शोधायला पैसे लागत नाहीत. आधी तो आपल्या बसायच्या जागी ठेवा, ओळखीचं गाणं लावा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. खर्ज जिथे सर्वांत एकसारखा वाटेल, तिथेच सबवूफर मांडा. कोपऱ्यात आवाज वाढतो, घुमणंही वाढतं. एवढ्या खोलीला आठ इंची सबवूफरची बंद पेटी पुष्कळ झाली. क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे स्वर सबवूफरकडे जातात ती मर्यादा, ८० हर्ट्झपासून सुरू करा, फेजचं बटण दोन्हीकडे करून पाहा. शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीला मात्र पेटी टेकवू नका. खर्ज विटांतून सहज पलीकडे जातो.